डाव्या पायाची ऊब

पौष लागला की बलभीम सायकलवर बसायच्या आधी पायांची तयारी करायचा. चुलीपुढं बसून दोन्ही तळव्यांना करडीचं तेल चोळायचा, बोटांच्या मधे कापसाचे बोळे घालायचा, वरून जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायचा आणि मग चपला चढवायचा. त्याची वस्ती बेंबळीच्या रस्त्याला, धाराशिवपासून आठ मैलांवर होती. घरी तीन म्हशी होत्या. पहाटे त्याची बायको कमलबाई धारा काढायची आणि तांबडं फुटता फुटता तो दोन किटल्या कॅरिअरच्या दोन बाजूंना अडकवून निघायचा. धाराशिवात वजीरचाचाच्या हॉटेलात पहिल्या चहाला दूध पोचलं पाहिजे, आणि मग तिथून तिथल्या शाळेमागच्या चार घरी.

सायकलवर पाय हलत असतात म्हणजे ते गरम राहत असतील, असं ज्यानं पौषात कधी सायकल चालवली नाही त्यालाच वाटतं. हाताला थंडी वाजली तर एक हात काखेत घालता येतो. कानाला मफलर असतो. पाय मात्र वाऱ्यातच फिरत राहतात. अर्ध्या वाटेवर एक ओढा होता. त्याच्या उतारावर गार हवा खड्ड्यात पाणी साठावं तशी साठलेली असायची. तिथून सायकल पार झाली की बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळायचं नाही. पुढं चढावर उतरून चालताना तळव्यात मुंग्या यायच्या, आणि हॉटेलात पोचल्यावर भट्टीपुढं पाय धरले की अशी कळ उठायची की बलभीम दातावर दात दाबून बसायचा.

त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट सालच्या थंडीत, त्यानं नाना उपाय करून पाहिले. चपलेत कडब्याचा पाला घातला. तो ओढ्यापर्यंत चुरा होऊन गळून गेला. शाळेतल्या मास्तरांकडून जुनी वर्तमानपत्रं आणून पायाला गुंडाळली. ती दवानं भिजली. मग एक दिवस त्यानं गोणपाटाचे तुकडे सुतळीनं बांधले. त्यातली एक सुतळी साखळीत अडकली, सायकल आडवी झाली आणि एक अख्खी किटली रस्त्याच्या कडेला सांडली.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा कोपर सोललं होतं. कमलबाईनं जखम धुतली. दुपारी तिनं उतरंडीमागून आपल्या माहेरचं काळं घोंगडं काढलं. एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेलं होतं, पण बाकीचं धड होतं. तिनं विळ्यानं त्याचे तुकडे केले.

"अगं, तुझ्या आयनं दिलेलं ना ते?" बलभीम म्हणाला.

"आय काय इचारायला येतीय," ती म्हणाली. "पाय पुढं करा. माप घिऊ द्या."

तीन दुपारी ती शिवत होती. घोंगड्याचे दोन पदर, मधे सरकी काढलेला कापूस, दाभणानं घातलेले टाके, वर घोट्यापाशी आवळायला नाडी. चपलेसकट पाय आत जाईल अशा दोन पिशव्या तयार झाल्या. त्यांची सहा वर्षांची मुलगी गंगी, शाळेतलं नाव शिवगंगा, एका पिशवीत दोन्ही पाय घालून अंगणभर उड्या मारत फिरली आणि शेवटी म्हशीपुढच्या वैरणीत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बलभीम त्या पिशव्या घालून गेला. परत आला तेव्हा कमलबाई वाटच बघत होती.

"काय झालं? आली का ऊब?"

"डाव्याला तर झकास," तो म्हणाला. "थंडी म्हनून न्हाय. उजवा वड्यापर्यंत बरा व्हता. मग गेला."

कमलबाईला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. उजवी पिशवी तिनं संध्याकाळी शिवली होती. उजेड कमी होता, एखादा टाका सुटला असेल. तिनं ती उसवली, आणखी कापूस भरला, टाके जवळ जवळ घातले. दुसऱ्या दिवशीही तेच. डावा पाय उबदार, उजवा बर्फ. मग तिनं डाव्या पिशवीला ओळखायला लाल दोरा बांधला आणि ती उजव्या पायात घालायला लावली. बलभीमनं येऊन सांगितलं, "डावाच गरम. उजवा जरा बरा, पन डाव्याची सर न्हाय."

"म्हंजी माझ्या शिवन्यात खोट न्हाय," कमलबाई हसून म्हणाली. "तुमच्या पायातच हाय."

तोही हसला. डाव्या पायाला दिवाळीपासूनच थंडी कमी वाजते हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. पण पाय गार पडत नाही ही काही तक्रार करायची गोष्ट नव्हती.

आठ-दहा दिवस असे गेले. मग एका सकाळी बलभीम दूध घालून परतला, सायकल लिंबाला टेकवली आणि अंगणातल्या दगडावर उन्हात बसला. गंगी लगेच मांडीवर चढली. बाजारात एक दरवेशी अस्वल घेऊन आला होता, त्याची गोष्ट बलभीम तिला सांगायला लागला. कमलबाई खाली बसून त्याच्या पिशव्यांच्या नाड्या सोडत होती. उजवी निघाली. डावी निघेना. तिनं तळाला हात लावला तर घोंगडं कडक लागलं. हात पाहिला तर लाल.

तिनं हळूहळू पिशवी आणि चप्पल एकदमच काढली. बाभळीचा काटा, बोटाएवढा लांब, घोंगड्यातून आणि झिजलेल्या चपलेतून आरपार जाऊन टाचेच्या पुढं रुतला होता. ओढ्याच्या चढावर तो उतरून चालतो तिथं बाभळीच आहेत. म्हणजे तिथून घरापर्यंत, चार मैल, हा माणूस त्या पायानं पायडल मारत आला होता.

तिनं काटा दोन बोटांत धरला आणि ओढला. तो सहज निघाला नाही. तिला जोर लावावा लागला.

"...आन् अस्वल दोन पायावर हुबं ऱ्हायलं," बलभीम गंगीला सांगत होता, "आन् दरवेशी म्हनला, साहेबाला सलाम कर."

त्याचं वाक्य कुठंही अडखळलं नाही.

कमलबाईनं काटा पदराच्या टोकाला बांधला. केसातून एक आकडा काढला आणि त्याच्या डाव्या पायाच्या करंगळीला टोचला. मग घोट्याला. मग घोट्याच्या वर, जिथं पावसाळ्यात एक फिकट चट्टा आला होता आणि दोघांनी शिबं समजून सोडून दिला होता, तिथं. अस्वलानं सलाम केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गंगी खळखळून हसली.

"काय करतीस गं खाली?" बलभीमनं विचारलं.

"काटा हुता बारका," ती म्हणाली. "काढला."

तिनं ऊन पाण्यानं जखम धुतली, हळद भरली, फडकं बांधलं. मग शेणाची पाटी उचलून ती बांधापलीकडं गेली आणि तिथं बराच वेळ बसून राहिली.

तिचा एक मामा होता. रझाकारांच्या आधी वारला. त्याची बोटं गेली होती. गावाबाहेर शेताच्या कोपऱ्यात त्याला खोपट घालून दिलं होतं. लहानपणी कमलबाई त्याची भाकरी घेऊन जायची. एका चपट्या दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं सरायचं, मग मामा येऊन उचलायचा, असं घरच्यांनी शिकवलं होतं. मामा तिला दुरून विचारायचा, आज कालवण कशाचं आहे. ती सांगायची. त्याचं सुरुवातीला काय झालं होतं तेही तिनं आईकडून ऐकलं होतं. चुलीतला निखारा पायावर पडला, आणि वास आल्यावर त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गंगी शाळेत असताना, तिनं बलभीमला कडब्याच्या गंजीच्या आडोशाला बसवलं.

"डोळं मिटा," ती म्हणाली.

"काय खेळ हाय का?"

"मिटा तर. म्या सुई लावते. कुठं लावली ते सांगा."

तो हसत हसत बसला. उजवा गुडघा, त्यानं सांगितलं. उजवा अंगठा, त्यानं सांगितलं. उजवी टाच. मग थांबला.

"सांगा की," कमलबाई म्हणाली.

"लाव की मग."

"लावलीय."

त्यानं डोळे उघडले. सुई त्याच्या डाव्या पावलाच्या कडेला टेकलेली होती आणि टोकापाशी रक्ताचा बारीक थेंब होता. तो त्या थेंबाकडं बघत राहिला. कमलबाईनं पदराची गाठ सोडून कालचा काटा त्याच्या हातावर ठेवला.

"ह्यो तुमच्या पायात हुता. तुमी अस्वलाची गोष्ट सांगत हुता."

बलभीमनं काटा तळहातावर उलटसुलट केला. मग म्हणाला, "रगतपिती."

"मला काय ठावं. दावल्याबिगर कसं कळंल."

"तुला ठावं हाय. तुझ्या मामाला हुती."

"मामाला कुनी दावलंच न्हाय कुठं," ती म्हणाली. "ह्या वक्ताला दवाई निघालीय म्हन्त्यात."

तो उठला. लंगडत नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं. आदल्या दिवशी एवढा मोठा काटा निघालेला पाय तो धडधाकट टाकत गोठ्यात गेला.

त्या दिवसापासून त्याची वागणूक बदलली. आपली वाकळ त्यानं गोठ्यात नेली. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेला नाही. "ज्या दुधाला लोकं पोरास्नी पाजत्यात, त्याला म्या हात लावायचा न्हाय," म्हणाला. कमलबाईनं तिन्ही म्हशींचं दूध विरजून टाकलं. गंगी शाळेतून आली की बापाकडं धावायची आणि तो उठून विहिरीकडं निघून जायचा. दोनदा असं झाल्यावर तिसऱ्यांदा गंगी धावली नाही. दारात उभी राहून बघत राहिली.

जेवायला बसताना त्यानं सांगितलं, "माझी थाळी निराळी ठेव. तिकडं ठेव, म्या येऊन घेतो."

कमलबाईनं थाळी वाढली. रोजच्या जागी, चुलीपुढं ठेवली. तो दारातच उभा राहिला. मग ती स्वतः त्या थाळीपुढं बसली, भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवून खाल्ला. दुसरा तुकडा मोडला.

"काय करतीस?"

"मामाची भाकर म्या दगडावर ठिवायची," ती म्हणाली. "लहान हुते. कुनी सांगितलं तसं करायची. आता लहान न्हाय म्या. बसा. कालवन गार हुतंय."

तो बसला. जेवला मात्र थोडंच. आणि त्या रात्रीही वाकळ गोठ्यातच राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी उन्हं वर आली तेव्हा रस्त्यानं एक सायकल डगमगत येताना दिसली. वर साठीचा, वाळकुडा माणूस. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, अंगात कुणाचा तरी जुना कोट, पायात नुसत्या वहाणा. वजीरचाचा. आपलं हॉटेल सोडून ते सहसा कुठं जात नसत. आठ मैल सायकल त्यांनी कधी मारली असेल, त्यांनाच ठाऊक. ते उतरले आणि सायकलचं हँडल धरून तसेच उभे राहिले, कारण पाय जमिनीवर नीट टेकेनात.

कमलबाई लगबगीनं पुढं झाली. "चाचा, बसा बसा. तुमचं पाय निळं पडल्यात."

तिनं पितळी घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं. वजीरचाचांनी पाय आत सोडले आणि डोळे मिटून घेतले.

"या अल्ला," ते म्हणाले. "बलभीम हे रोज करतो?"

"व्हय."

"मला वाटायचं, पोरगा उगीच माझ्या भट्टीपाशी रेंगाळतो." त्यांनी डोळे उघडले. "कुठाय तो? तीन दिवस झाले. बीमार आहे का? काही तकलीफ झाली का माझ्याकडून?"

बलभीम गोठ्याच्या दारात आला होता. पुढं आला नाही. तिथूनच त्यानं सगळं सांगितलं. चट्टा, काटा, सुई. काही लपवलं नाही. बोलताना तो जमिनीकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "चाचा, तुमी दूध दुसऱ्याचं बघा. आन् आतापर्यंत म्या आनलं, त्याची माफी करा. मला ठावं नव्हतं."

वजीरचाचा घमेल्यातल्या पाण्याकडं बघत बसले. पाणी निवलं तरी त्यांनी पाय काढले नाहीत.

"बलभीम, खोटं नाही बोलणार," ते शेवटी म्हणाले. "मला भीती वाटतेय. दोन वर्षं त्या दुधाचा चहा मी प्यालोय, माझ्या नातवंडांना पाजलाय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुझं दूध मी घेणार नाही."

"बराबर हाय," बलभीम म्हणाला.

"ऐकून घे पुढं. सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी एक डॉक्टर येतात, चट्टेवाल्यांना बघतात. माझ्या हॉटेलात चहा पितात म्हणून मला माहीत. उद्या गुरुवार आहे. तू ये. मी दवाखान्याच्या दारात उभा राहतो."

"लोकं बघतील, चाचा."

"बघू दे."

चाचा निघाले तेव्हा कमलबाईनं बलभीमच्या पायपिशव्या त्यांच्यापुढं ठेवल्या. डावीचा तळ तिनं धुऊन सांधला होता. वजीरचाचांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पिशव्यांकडं. क्षणभर त्यांचा हात पुढं आला नाही. कमलबाईला ते दिसलं आणि तिनं त्या उचलायला हात पुढं केला. तेवढ्यात त्यांनी त्या घेतल्या, पायात घातल्या आणि नाड्या स्वतः बांधल्या.

गुरुवारी दोघं नवरा-बायको गंगीला शेजारच्या वस्तीवर सोडून पायीच निघाले. बलभीमनं सायकल घेतली नाही. ओढ्याच्या चढावर कमलबाई पुढं चालली आणि त्याच्या वाटेतले काटे पायानं बाजूला सारत गेली. दवाखान्याच्या दारात वजीरचाचा खरंच उभे होते. पायात त्या काळ्या पिशव्या होत्या.

डॉक्टर तरुण होते, सोलापूरकडचे. त्यांनी बलभीमला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात पायावरून फिरवली. मग काचेच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. उजव्या पायाला बलभीम बरोबर सांगत गेला. डाव्याला त्यानं दोन्ही वेळा "ऊन हाय" म्हणून सांगितलं. गुडघ्यामागची आणि घोट्याजवळची शीर डॉक्टरांनी बोटांनी चाचपली. हात तपासले, कान तपासले, पाठ तपासली. कमलबाई दारापाशी उभी राहून बघत होती.

"महारोग म्हणतात तो हाच," डॉक्टर म्हणाले. "पण नीट ऐका. तुमचा हा न पसरणारा प्रकार आहे. एकच चट्टा आहे. तुमच्यापासून बायकोला, मुलीला, कुणाला काही होणार नाही. दूध घाला, मुलीला जवळ घ्या, सगळं करा. गोळ्या देतो, त्या तीन वर्षं घ्यायच्या. एक दिवस चुकायचं नाही. इतक्या लवकर कुणी येत नाही आमच्याकडं. कुणाच्या लक्षात आलं?"

बलभीमनं दाराकडं बोट केलं.

"हात जातील का माझे?" त्यानं विचारलं.

"गोळ्या घेतल्या तर नाही जाणार."

"आन् ह्यो पाय? ह्याला कळंल का परत?"

डॉक्टरांनी डाव्या तळव्यावर बोट ठेवलं. "ते सांगता येत नाही. बहुतेक नाही. आणि म्हणूनच ह्या पायाला जास्त जपायचं. त्याला थंडी कळत नाही, पण बाधते. काटा कळत नाही, पण रुततो. शेकोटीपुढं कधीही धरायचा नाही, भाजलेलंही कळणार नाही. रोज संध्याकाळी तळवा डोळ्यांनी बघायचा."

"म्या बघत जाईन," कमलबाई म्हणाली.

वजीरचाचांनी बाहेर सगळं ऐकून घेतलं, मग स्वतः आत जाऊन डॉक्टरांना तेच सगळं पुन्हा विचारलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या सकाळी दूध आण."

"चाचा, गिऱ्हाईकाला सांगावं लागंल."

"तू नको सांगू. ते माझं काम."

बातमी लपून राहिली नाही. दवाखान्याच्या दारात कुणी तरी पाहिलं होतंच. शाळेमागच्या चार घरांपैकी तिघांनी दूध बंद केलं. एकीनं दारातून सांगितलं, एकीनं नुसतंच दार उघडलं नाही. चौथी एक म्हातारी शिक्षकीण होती. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी वाचायला मागितली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि पातेलं पुढं केलं. हॉटेलातही पहिले काही दिवस बाकडी रिकामी असायची. बलभीम दूध घेऊन आला की वजीरचाचा पहिला पेला चहा न करता, नुसत्या दुधाचाच, बाहेरच्या फळीवर बसून रस्त्याकडं तोंड करून प्यायचे. कुणाला काही समजावून सांगायचे नाहीत. पेला संपला की तोंड पुसायचे आणि भट्टीकडं वळायचे. बलभीमला पहिल्या दिवशी ते बघवलं नाही, तो किटल्या धुवायच्या निमित्तानं मागं गेला. महिन्या-दीड महिन्यात निम्मी माणसं परत आली. बाकीची कधीच आली नाहीत.

गोठ्यातली वाकळ दवाखान्यातून आल्या दिवशीच कमलबाईनं घरात आणून टाकली होती. गंगीचं मात्र लगेच जमलं नाही. बापानं हात पुढं केला तरी ती आईच्या मागं सरायची. दोन-तीन दिवस बलभीमनं हाक मारली नाही. नुसता दगडावर बसून आपल्या आपणच बोलायला लागला. म्हणाला, त्या अस्वलाचं पुढं काय झालं ते कुणाला ठावं हाय का. दारातून आवाज आला, "काय झालं?" म्हणाला, जवळ आल्याशिवाय सांगता येत न्हाय, अस्वलानं कानात सांगितलंय. ती एकेक पाऊल टाकत आली आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. गोष्ट त्याला तिथल्या तिथं रचावी लागली आणि ती फार चांगली नव्हती, पण संपायच्या आत गंगी मांडीवर होती.

कमलबाईनं नव्या पिशव्या शिवल्या. ह्या वेळी तळाला टायरचं रबर घातलं आणि आतून मऊ लुगड्याचा पदर लावला. आता उजव्या पायाला त्या पुरतायत की नाही हे बलभीम सांगायचा, आणि डाव्याचं ती ठरवायची. तो सायकलवरून उतरला की ती दोन्ही पावलं हातात धरायची. डावं गार लागलं की रागावायची. "नाडी ढिली बांधली व्हय आज? वड्यापाशी उतरून बघत जावा म्हनलं हुतं." त्याला काही जाणवलेलं नसायचं. तो मान डोलवायचा. ती पाऊल तळहातांमधे घेऊन बसायची, चोळायची, त्यात ऊब आली की मगच चुलीकडं जायची. त्याला त्या हातांचा स्पर्श घोट्याच्या वर, चट्टा संपतो तिथून पुढं कळायचा. तेवढ्यावरून खाली काय चाललं असेल ते तो समजून घ्यायचा.

तीन वर्षं गोळ्या चालल्या. एकदाही खाडा झाला नाही. मधे एकदा चपलेनं फोड आला, तो संध्याकाळच्या बघण्यात सापडला आणि पंधरा दिवसांत बरा झाला. बलभीम ते पंधरा दिवस सायकलवर बसला नाही. दूध कमलबाई पायी घेऊन जायची.

पासष्ट सालच्या फाल्गुनात, एका गुरुवारी, डॉक्टरांनी दोन्ही हात, दोन्ही पाय पुन्हा तपासले आणि गोळ्या बंद करायला सांगितलं. सहा महिन्यांतून एकदा दाखवायला या, म्हणाले. डावा पाय तसाच होता, काही न कळणारा, पण पाचही बोटांसकट शाबूत. वजीरचाचांनी दोघांना हॉटेलात बसवून चहा पाजला. कमलबाई पहिल्यांदाच त्या हॉटेलात आत येऊन बाकड्यावर बसली. पदर सावरत, भिंतीकडं तोंड करून तिनं चहा घेतला.

बाहेर आले तेव्हा कमलबाईची परतीची एसटी निघून गेली होती. पुढची दुपारी होती. ऊन चढलं होतं, थंडी केव्हाच सरली होती. बलभीमनं सायकल पुढं आणली. सकाळी दूध घालून झाल्यावर किटल्या त्यानं हॉटेलातच ठेवल्या होत्या. कॅरिअर मोकळं होतं.

"बस," तो म्हणाला.

"कुठं?"

"मागं बस. जाऊ घरी."

"लोकं बघत्यात," कमलबाई म्हणाली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, ती कधी सायकलवर बसली नव्हती.

"बघू दे."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग एका बाजूला पाय सोडून ती बसली. एका हातानं सीटखालची दांडी धरली, दुसऱ्या हातानं पदर. सायकल डगमगली, सावरली आणि चालू लागली. बाजारातून जाताना तिनं मान खाली घातली होती. गाव मागं पडल्यावर वर केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडी काढून झालेली रानं होती आणि एका मळ्यात कुणी तरी भुईमुगाला पाणी देत होतं.

"जड हुतीया का म्या?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"सावकाश चालवा. घाई न्हाय."

चढ आला तसा सायकलचा वेग कमी झाला. बलभीमनं आणखी जोर लावला, पण ती मागून उतरलीच. तोही उतरला. मग दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत, एकेक हात तिच्यावर ठेवून, चढ चढून वर गेले.